पदराला गाठ मारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

केस पेपरवर तुमचं नाव शोधलं, पण सहीतलं एक अक्षर लागेल तर शपथ. म्हणून हे असं उघड पत्र.

भातकापणीचे दिवस होते. आईच्या डाव्या पायाला घोणस चावली आणि घोट्यावर सूज चढायला लागली. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात गेलो होतो. तिथे आधी डिपॉझिट विचारलं, मग म्हणाले, "लस नाही, पुढे न्या." पुढे म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना. साधी चिठ्ठीही दिली नाही. जीव धोक्यात असलेल्या पेशंटला आधी उपचार द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय. त्या काउंटरपर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही.

तो सगळा राग घेऊन मी तुमच्या कॅज्युअल्टीत शिरलो. तुम्ही आईचं रक्त काचेच्या नळीत घेतलंत, नळी उभी ठेवलीत आणि म्हणालात, "वीस मिनिटं या नळीला कुणी हात लावायचा नाही." मला वाटलं, टाळताय. "आई मरायला टेकलीय आणि तुम्ही घड्याळ बघताय?" असं मी ओरडलो. तेही डॉक्टरांवर हल्ला केल्यास काय शिक्षा होते, त्या फलकाच्या बरोबर खाली उभा राहून.

त्याच वीस मिनिटांत तुम्ही म्हणालात, पाय अजून सुजेल, जोडवी काढायला हवीत. आईने पाय आखडून घेतला. नवरा दारात उभा असताना जोडवी उतरवायची? आम्ही सगळे तिच्यावर खेकसलो. तुम्ही नाही खेकसलात. शेजारच्या खाटेवर अपघातातला पोरगा कण्हत होता, एक दारुडा शिव्या देत होता, आणि तुम्ही आईच्या पायाशी वाकून सांगत होतात, "मावशी, उतरवत नाही हो. जागा बदलते फक्त. पायातून पदरात."

आईने पाय पुढे केला. जेली लावून, हळूहळू फिरवत तुम्ही जोडवी काढलीत, पदराच्या टोकाला गाठ मारलीत आणि ती गाठ तिच्या मुठीत दिलीत.

मग नळी तिरकी केलीत. रक्त पाण्यासारखं वाहिलं, विषामुळे गोठलंच नव्हतं. तुम्ही घड्याळ का बघत होतात ते तेव्हा कळलं. लसीच्या दहा कुप्या सलाइनमधून गेल्या. पुढचे दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही, आई चालत घरी आली.

विषावर औषध देणं हे तुमचं कामच, असं कुणी म्हणेल. पण गाठ मारणं कुठल्या नियमात होतं? इतक्या गर्दीत, रात्रीच्या त्या वेळी, एका अडाणी बाईची समजूत खोटी ठरवायची नाही एवढं भान ठेवायला माणूस मुळातच चांगला असावा लागतो. अशी माणसं सरकारी दवाखान्यात आहेत, हे आता मी गावात ज्याला त्याला सांगत सुटलोय.

ओरडलो त्याबद्दल माफ करा.

सूज पूर्ण उतरल्यावर आई जोडवी घालायला बसली. गाठ इतकी पक्की मारली होतीत, की शेवटी दातांनी सोडवावी लागली.

तुमचा,
त्या मावशींचा मुलगा