डेटा संरक्षणाचे प्रशिक्षण : प्रमाणपत्र नको, सराव हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात आले आणि बहुतेक बंधने मे २०२७ पासून लागू होतील. ऐरोली ते महापे पट्ट्यातल्या कंपन्या, ठाण्यातली रुग्णालये, शाळा, पतसंस्था, महापालिकांची कार्यालये अशा सगळ्यांनाच माणसे तयार करावी लागणार आहेत. त्यासाठी दिवसभराचे व्याख्यान, शंभरेक स्लाइड आणि संध्याकाळी प्रमाणपत्र ही पद्धत पुरी पडत नाही, असे या क्षेत्रात काम करताना आमचे स्पष्ट मत झाले आहे. कलमे पाठ होतात, पण प्रसंग आला की पहिला फोन कोणी कोणाला करायचा हेच ठरलेले नसते.

माहिती फुटल्याचा प्रसंग घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. नव्या नियमांनुसार डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या लोकांना विनाविलंब कळवायचे, आणि मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा. म्हणजे एकाच घटनेत दोन घड्याळे चालू होतात. शुक्रवारी संध्याकाळी सातला सॉफ्टवेअर पुरवठादाराचा फोन येतो, तो घेणारा कर्मचारी सोमवारी साहेबांना सांगू म्हणतो, आणि दोन्ही मुदती संकटात येतात. दुसरी चूक म्हणजे पूर्ण माहिती हाती येईपर्यंत थांबणे. सर्ट-इनला सहा तासांत हाती असेल तेवढेच कळवायचे असते, बाकीचे मागाहून देता येते. तिसरी चूक सर्वांत महागाची. घाबरून सर्व्हर फॉरमॅट केला जातो आणि लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय केले याच्या यंत्राने ठेवलेल्या नोंदी, पुसले जातात. मग कोणाची, किती, केव्हापासून माहिती गेली हे कधीच सांगता येत नाही. माहिती फुटल्याचे न कळवल्यास दोनशे कोटी आणि सुरक्षेची वाजवी खबरदारी न घेतल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे वर्गात सगळे सांगतात. पण लॉग कुठे असतात आणि ते कसे जपायचे, हे मशीनसमोर बसवून कोणी दाखवत नाही. घड्याळाचेही तसेच. सर्व यंत्रांची वेळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा (एनपीएल) यांच्या वेळ-सर्व्हरशी जुळलेली असावी, असा सर्ट-इनचाच निर्देश आहे. फायरवॉल सात मिनिटे पुढे आणि सर्व्हर तीन मिनिटे मागे असेल, तर घटनाक्रम लावताना तपास करणारा तिथेच अडकतो.

म्हणून वर्गाची सुरुवात कायद्याच्या प्रस्तावनेने करू नये. प्रत्येकाच्या कार्यालयातल्या एका अर्जाने करावी. त्या अर्जासाठी सहा रकान्यांचा तक्ता भरून घ्यावा : कोणती माहिती घेतो, कोणाकडून, कशासाठी, ती कुठे साठते, कोण पाहतो, कधी पुसतो. पहिले तीन रकाने पटापट भरले जातात. चौथ्यावर पेन थांबते, कारण तीच आधार प्रत संगणकावर, ईमेलमध्ये, दोन लिपिकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि झेरॉक्सवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये सापडते. सहावा रकाना बहुधा कोराच राहतो. हा तक्ता प्रामाणिकपणे भरायला पूर्ण एक सत्र लागते आणि ते द्यायलाच हवे, कारण पुढची सूचना, करार, सुरक्षा आणि अहवाल सगळे त्याच्यावर उभे राहते.

एक गैरसमज वर्गांमधूनच पसरतो, तो म्हणजे ‘प्रत्येक गोष्टीला संमती घ्या’. दाखले, परवाने, अनुदान अशा शासकीय सेवांसाठी कायद्याच्या कलम ७ मध्ये वेगळा आधार आहे. तिथे संमतीचा चौकोन छापणे निरर्थक आहे, कारण नागरिकाला नाही म्हणण्याची सोय नसते. मात्र सुरक्षेची जबाबदारी तिथेही सुटत नाही. उलट घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरमधल्या सोसायटीने गेटवर व्हिजिटर अ‍ॅप बसवले, तर अ‍ॅप कंपनीचे असले तरी कायद्यापुढे जबाबदार सोसायटीच. हा फरक सचिवाला आणि वॉर्ड कार्यालयातल्या लिपिकाला समजला तर अर्धे काम झाले. संमतीची सूचनाही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचता येण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठीत असे चार ओळींचे सुबोध लेखन करता येणे हे कौशल्य आहे आणि त्याचा सराव घ्यायला हवा.

तुकडी वीस-पंचवीस जणांची असावी आणि ती मिश्र असावी : वकील, नेटवर्क अभियंता, कार्यालयीन अधीक्षक, रुग्णालयाचा नोंदणी विभाग आणि निदान एक पत्रकार. वेगवेगळे वर्ग घेतले की वकिलाला लॉग कळत नाही आणि अभियंत्याला आदेश वाचता येत नाही. संकेतस्थळ बंद करण्याचा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालचा आदेश घ्या. अभियंत्याने संकेतस्थळाच्या नावाऐवजी त्याच्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा अंकी पत्ता) अडवला, तर त्याच पत्त्यावरची असंबंधित संकेतस्थळेही बंद पडतात. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉम या दूरसंचार कंपनीने देशापुरते यूट्यूब अडवण्यासाठी दिलेला मार्ग (यूट्यूबची वाहतूक कुठे वळवायची याची राउटरना दिलेली सूचना) देशाबाहेर गळला आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब सुमारे दोन तास बंद पडले. ही घटना फळ्यावर मार्ग आखून शिकवली की इंटरनेटचे नियमन फक्त दिल्लीत होत नाही, राउटरमध्येही होते, हे वकिलालाही पटते. त्याच सत्रात आपले आयपी पत्ते आयआरआयएनएन या भारतातल्या आयपी पत्त्यांच्या नोंदणी संस्थेकडून मिळतात आणि त्यांच्या मार्गांची डिजिटल नोंद कशी करायची, हे अभियंत्यांकडून करून घ्यावे.

धोरण घडत असताना बोलणे हाही कामाचाच भाग आहे. डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला, हरकतींची मुदत आधी १८ फेब्रुवारी होती, ती पुढे ५ मार्चपर्यंत वाढली. एवढ्या अवधीत उपयोगी हरकत लिहायची, तर नियम क्रमांक, आजचे शब्द, सुचवलेले शब्द आणि कारण अशी चार अंगे हवीत. ‘सामान्यांचा विचार व्हावा’ अशा वाक्याने कोणताही नियम बदलत नाही. .भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून आहे, तरी कितीतरी ऑनलाइन अर्ज मराठी ईमेल पत्ता ‘अवैध’ म्हणून परत करतात. दोष डोमेनचा नसतो, पत्ता तपासणाऱ्या जुन्या कोडचा असतो. निविदेत मराठी पत्ता स्वीकारण्याची एक अट घालायला अधिकाऱ्याला शिकवले तर तो दोष सुधारतो.

आमची सूचना अशी : बारा शनिवारांचा अभ्यासक्रम असावा, दर शनिवारी तीन तास, त्यातले दोन तास हाताने काम. जागा स्थानिक अभियांत्रिकी किंवा विधी महाविद्यालयाने द्यावी, खर्च औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांनी उचलावा आणि महापालिका, शाळा व छोट्या दवाखान्यांसाठी निम्म्या जागा विनामूल्य राखाव्यात. मोठ्या कंपन्या सल्लागार नेमू शकतात, नर्सिंग होम नेमू शकत नाही, आणि रुग्णाची माहिती दोन्हीकडे सारखीच नाजूक असते. भाषा मराठी, संज्ञा रोजच्या वापरातल्या.

परीक्षा लेखी नकोच. वर्ग संपल्यावर सहा महिन्यांच्या आत प्रत्येक कार्यालयात पूर्वसूचना न देता माहिती फुटल्याचा सराव घ्यावा. पहिला फोन किती मिनिटांनी गेला, लॉग जपले का, सहा तासांतला अहवाल कोणी लिहिला, याची नोंद ठेवावी. जिथे गाडी अडली ते नाव न घेता पुढच्या तुकडीच्या पहिल्याच सत्रात शिकवावे.

आपले,
डेटा संरक्षण व नेटवर्क क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
ऐरोली, नवी मुंबई