वजन ५४ किलो, तरी साखर

येळ्ळूर, बेळगाव

प्रिय दत्तू,

तुझं पत्र परवा मिळालं. "गोड खात नाही, पोट सुटलेलं नाही, वजन ५४ किलो, मग मला साखर कशी झाली?" हे तू दोनदा लिहिलंयस. फोनवर दोन शब्दांत सांगितलं असतं. पण याच प्रश्नापायी माझी तीस वर्षं प्रयोगशाळेत गेली, म्हणून बसून लिहितो आहे. समोर राजहंसगड ढगात बुडालाय, खाली शिवारात बासमतीची लावणी चाललीय.

मी पुण्यात लागलो तेव्हा पहिलं काम मिळालं रक्तातलं इन्सुलिन मोजायचं. इन्सुलिन म्हणजे रक्तातल्या साखरेला पेशींचं दार उघडून देणारी किल्ली. ते रक्तात इतकं थोडं असतं, की साध्या रसायनांनी सापडतच नाही. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन वापरून ते मोजायची युक्ती काढली. यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन तोवर गेले होते. त्या पद्धतीने मी हजारो कुप्या मोजल्या, आणि मला चक्रावून टाकलं ते तुझ्यासारख्या काटकुळ्या माणसांच्या रक्ताने. इन्सुलिन कमी असेल असं वाटायचं, तर कितीतरी जणांत ते चांगलंच चढलेलं! किल्ल्या भरपूर, पण कुलूप उघडत नव्हतं.

याचा उलगडा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामातून झाला. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं बारीक खरी, पण त्यांचं मांस कमी होतं, कातडीखालची चरबी मात्र फारशी घटलेली नव्हती. पुढे २००४ मध्ये याज्ञिकांनी आपल्या इंग्रज सहकाऱ्याबरोबर स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, पण त्या इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२ टक्के. तो कागद मी कितीदा वाचला असेन! जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू ओढून घेतात. स्नायूच कमी असले, तर ती रक्तातच फिरत राहते. काटा ५४ दाखवतो, पण त्यात मांस किती आणि चरबी किती हे तो सांगत नाही.

त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणात ज्यांना जास्त कष्ट पडले, त्यांची बाळं लहान झाली. हे वाचलं तेव्हा मला आपल्या दोघांच्या आया आठवल्या. तुझी आई सात महिन्यांची गरोदर असताना गुडघाभर चिखलात वाकून रोप लावत होती, हे तिनेच आपल्याला सांगितलं होतं. तिला दोष देऊ नकोस, दत्तू. तुझाही काही दोष नाही.

एक गोष्ट आजवर कुणाला लिहिली नाही. एका मे महिन्यात रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर सकाळपर्यंत वितळला. दोन वर्षं जमवलेलं रक्त नासलं. ते रक्त देणाऱ्या बायका पहाटे उपाशीपोटी चालत येऊन हात पुढे करत होत्या. निष्कर्ष पुन्हा मिळवता आले, पण त्यांची ती पायपीट मला अजून सलते.

आता तुझ्याबद्दल. डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नकोस. चालणं पुरेसं नाही, अंगात मांस वाढेल असंही काही कर, पाण्याची बादली उचललीस तरी चालेल. ताटात भात कमी कर, उसळ वाढव. तळपाय रोज बघत जा.

आणि पोरगीला पाचवा महिना लागलाय म्हणालास, त्याची मला तुझ्या साखरेपेक्षा जास्त काळजी आहे. तिची साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व लगेच तपासून घ्या. याज्ञिकांच्या त्याच अभ्यासात ज्या आयांना बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याचं दिसलं. तुम्ही घरात सगळे शाकाहारी, तेव्हा ही तपासणी टाळू नका. रिपोर्ट आले की मला आकडे कळव, रात्री उशिरा असले तरी चालेल.

सुगीला गावी ये. नव्या तांदळाचा भात रांधू, तुला मोजून वाढीन.

तुझा,
बाळू