ओळखीचे इंग्रजी शब्दच जास्त फसवतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतला जुन्या इंग्रजी शब्दांवरचा लेख मनापासून आवडला. 'फॉरसूथ' (म्हणजे खरोखर), 'अ‍ॅनन' असे अडगळीत पडलेले शब्द पुन्हा भेटले की आनंद होतो. पण इंग्रजीतून मराठीत आलेली पुस्तकं छपाईआधी मूळ मजकुराशी ताडून पाहणं हेच माझं काम आहे आणि त्यावरून सांगते, या शब्दांमुळे कुणाचंच काही बिघडत नाही. शब्द अनोळखी दिसला की भाषांतरकार थांबतो, कोश उघडतो. घात करतात ते रोजच्या वापरातले शब्द. तिथे कुणी थांबतच नाही.

जेन ऑस्टेनच्या 'एमा'मध्ये मिस्टर एल्टन बग्गीत एमाला एकटी गाठतो आणि 'मेकिंग व्हायोलन्ट लव्ह' सुरू करतो. १८१५ सालच्या इंग्रजीत याचा अर्थ इतकाच, की तो तिच्यापुढे आपलं प्रेम मोठ्या आवेशानं बोलून दाखवतो. या शब्दांना आजचा अर्थ चिकटवलेला एक मसुदा माझ्या हाती आला होता. गावचा पाद्री त्यात सरळसरळ अत्याचारी ठरला होता आणि प्रसंगातला सगळा विनोद मातीत गेला होता. याच लेखिकेच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधले मिस्टर कॉलिन्स लेडी कॅथरीनच्या 'कॉन्डिसेन्शन'चे गोडवे गातात. आज हा शब्द तुच्छतेनं वागणाऱ्याला लावतात. कॉलिन्सच्या तोंडी ती स्तुती आहे: बाई एवढ्या मोठ्या घरच्या, तरी आमच्यासारख्यांशी किती प्रेमानं बोलतात!

१६११च्या इंग्रजी बायबलातल्या तेविसाव्या स्तोत्रात 'आय शॅल नॉट वाँट' असं आहे. इथे 'वाँट' म्हणजे उणीव भासणं. हवंसं वाटणं हा अर्थ नंतरचा. मराठी बायबलात 'मला काही उणे पडणार नाही' असं नेमकं आहे, तरीही 'मला कसलीच इच्छा उरणार नाही' असं भाषांतर मी वाचलं आहे. 'लेट'ची (let) गोष्ट तर त्याहून विलक्षण. अडवणं आणि करू देणं अशा उलट अर्थांची दोन वेगळी क्रियापदं जुन्या इंग्रजीत होती. उच्चार झिजत झिजत दोन्ही एकसारखी झाली. वडिलांच्या भुतामागे निघालेला हॅम्लेट मित्रांना बजावतो, की जो मला 'लेट' करील त्याचंच मी भूत करीन. म्हणजे जो अडवील त्याचं. ब्रिटिश पासपोर्टावरच्या 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स'मध्ये हे जुनं 'लेट' अजून जिवंत आहे.

मला सगळ्यात मोह पडतो तो 'प्रेझेंटली'चा. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये सेवक एरियल विचारतो, 'प्रेझेंटली?' आणि त्याचा मालक, जादूगार प्रॉस्परो म्हणतो, हो, पापणी लवायच्या आत. तेव्हा त्याचा अर्थ 'या क्षणी' होता. पुढे तो 'थोड्या वेळानं' असा सैल झाला. 'सून' आणि 'अ‍ॅनन' यांचंही तेच झालं. 'आलोच' म्हणून अर्ध्या तासानं येणारी माणसं सगळ्याच भाषांत असतात. शब्दाचा अर्थ तेच ताणतात.

आता लेखाबद्दल एक तक्रार. 'पॉश' हा शब्द हिंदुस्थानला येणाऱ्या बोटींच्या तिकिटांवरच्या 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावीकडची, परतताना उजवीकडची खोली) या शब्दांच्या आद्याक्षरांतून आला, ही कथा आपण खरी म्हणून छापली आहे. तशी अक्षरं असलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही. अशा रंजक कथांची गरजच काय? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला भाग १८८४ साली आला आणि काम १९२८ साली पुरं झालं. असंख्य स्वयंसेवकांनी जुनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्यांवर उतारे लिहून पाठवले. म्हणून त्यात प्रत्येक अर्थापुढे सालासकट वाक्य सापडतं. इतकी मेहनत हाताशी असताना ऐकीव गोष्टी पुढे ढकलणं मला खरोखर सहन होत नाही.

पुढच्या लेखांत शब्दाबरोबर त्याचं साल आणि त्या काळचं एखादं वाक्य जरूर द्यावं. प्रकाशकांनाही विनंती आहे, की दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक भाषांतराला देताना हा कोश वाचायची सोय भाषांतरकाराला करून द्यावी.

आपली,
एक भाषांतर-संपादक