पॅडच्या कडेवरची दोन अक्षरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर सिरॅमिक ब्रेक पॅडविषयीचा लेख वाचला. त्यातली स्तुती खोटी नाही. गेली तीन वर्षे मी माझ्या छोट्या गाडीला सिरॅमिक पॅडच वापरते आहे आणि पुढेही वापरीन. पण ‘सिरॅमिक घातले की ब्रेक चांगला लागतो’ हे त्यातले वाक्य वाचून राहवले नाही. याच समजुतीपायी मी पाच महिने बिघडलेल्या ब्रेकवर गाडी चालवली, आणि त्यातले बरेच दिवस मागच्या सीटवर माझी नात होती.

झाले ते असे. गाडी हळू असताना ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज यायचा. गॅरेजमध्ये गेले. ‘पॅड संपत आलेत, सिरॅमिक टाकून घ्या, आवाज बंद होईल,’ असे सांगितले गेले. पॅड बदलले, आवाज खरोखर थांबला. पूर्वी आठवड्याभरात चाकावर काळी पूड बसायची, ती दिसेनाशी झाली. बोट फिरवले तर जेमतेम राखाडी व्हायचे. मी समाधानी होते. पाच महिन्यांनी तोच आवाज, त्याच चाकातून. शिवाय ब्रेक दाबला की स्टेअरिंग किंचित उजवीकडे ओढू लागले.

या वेळी दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. त्याने चाक उतरवले, कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारी पकड) उघडला आणि डाव्या चाकाचे दोन्ही पॅड माझ्या तळहातावर ठेवले. बाहेरचा पॅड जवळजवळ नवा, नऊ मिलिमीटरचा. आतला मात्र तिरका घासलेला, एका टोकाला नखाएवढा थर उरलेला. त्याच्या कडेला एक पातळ पत्र्याची पट्टी असते. पॅड दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकून आवाज करते, म्हणजे माणसाला कळावे. ती पट्टी चकचकीत झाली होती. म्हणजे पहिल्या वेळचा आवाजही बहुधा जुन्या पॅडच्या अशाच पट्टीचा.

मूळ दुखणे पिनेत होते. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतो, त्यातल्या एकीचा रबरी बूट फाटला होता, आत पाणी जाऊन पिन गंजून जाम झाली होती. कॅलिपर सरकत नाही, मग पॅड ढकलणाऱ्या पिस्टनकडचा एकटा आतला पॅड झिजतो आणि बाहेरचा नुसता बसून राहतो. पक्कड लावून फिरवल्यावर पिन निघाली, तिच्यावर ग्रीसचा थेंबही नव्हता. पॅड बदलताना पिना काढून, पुसून, त्यांचे खास ग्रीस लावणे हे पाच-दहा मिनिटांचे काम. ते आधीच झाले असते तर माझे जुने पॅडही अजून टिकले असते.

मी विज्ञान शिकवत असे, त्यामुळे हातात आलेली वस्तू नीट बघितल्याशिवाय परत देववत नाही. फडक्याने पॅडची कड पुसली तेव्हा छापील आकड्यांच्या ओळीत इंग्रजी ‘ईएफ’ अशी दोन अक्षरे दिसली. कंपनीकडून आलेले पहिले पॅड मी जपून ठेवले होते, त्यांच्यावर ‘एफएफ’ होते. पहिले अक्षर कमी तापमानातल्या घर्षणाचे, दुसरे तापलेल्या अवस्थेतले. ई म्हणजे घर्षणांक (आकडा मोठा तितकी पकड जास्त) ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकना मला पाय जरा जास्त रोवावा लागायचा, त्याचा एक खुलासा या पहिल्या अक्षरात होता. ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर होते, त्यामुळे गाडी किती मीटरमध्ये थांबेल ते ही अक्षरे सांगत नाहीत. पण मूळ पॅडपेक्षा खालचे अक्षर पाहून मी तरी ते पॅड परत केले. आता माझ्या गाडीत आहेत तेही सिरॅमिकच, पण ‘एफएफ’. युरोपच्या आर९० नियमाखाली मंजूर झालेला पॅड मिळाला तर आणखी चांगले. त्यात पॅड ज्या मॉडेलसाठी विकायचा त्यासाठी तपासलेला असतो आणि त्याची कामगिरी मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे चालत नाही.

तेव्हा सिरॅमिक हा शब्द ब्रेक किती जोरात लागेल ते सांगत नाही. मिश्रणात पोलादी तंतूंऐवजी सिरॅमिक तंतू आणि तांब्यासारखे मऊ धातू असतात, म्हणून आवाज कमी, पूड फिकट आणि चाकाला न चिकटणारी, डिस्कची झीजही कमी. रोजच्या येण्याजाण्याला हे गुण पुरेसे आहेत आणि मला ते आवडतात. (महागड्या वेगवान गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क ही निराळीच वस्तू आहे. नाव ऐकून गल्लत करू नये.) तांब्याबद्दलही एक सांगायला हवे. ब्रेकची पूड पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत जाते आणि तांबे माशांना बाधते, म्हणून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. तिकडे नव्या पॅडमध्ये २०२१ पासून वजनाच्या ५ टक्क्यांहून आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याहून जास्त तांबे चालत नाही. कडेवर शेवटी ‘एन’ असेल तर तांबे अर्ध्या टक्क्याहून कमी. मी तो बघून घेते.

घाट मात्र वेगळा विषय. एक टनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची तर जवळपास सव्वा लिटर पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता तयार होते, आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट. पोलादी तंतूंचे सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता लवकर वाहून नेतात, सिरॅमिक तितके नेत नाहीत. भरलेली गाडी घेऊन वारंवार लांब उतार उतरणाऱ्याने किंवा मागे ट्रेलर ओढणाऱ्याने सेमी-मेटॅलिकचा विचार करावा आणि थोडा आवाज, थोडी काळी पूड सोसावी. उतारावर गिअर खालचा हवाच. ब्रेक ऑइलही तितकेच महत्त्वाचे. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ या दर्जाचे ताजे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच अपेक्षा १५५ अंशांवर येते. उकळले की त्यात वाफ होते आणि पेडल नुसते खाली जाते. माझ्या गाडीचे ऑइल मी दर दोन वर्षांनी बदलून घेते.

नवे पॅड घालून गाडी ताब्यात मिळाली की इंजिन सुरू करून, गाडी जागची न हलवता, पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पॅड घालताना पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पहिल्या दाबाला पेडल तळाला जाते. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा वेग उतरवा. मध्ये ब्रेक गार होऊ द्या, गाडी पूर्ण थांबवू नका. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसायला याची गरज असते. मला हे पहिल्या गॅरेजमध्ये कुणी सांगितले नव्हते.

आपल्या पानाला विनंती एवढीच, की पॅडवरच्या लेखात ही अक्षरे आणि पिनांचे ग्रीस यांना जागा द्यावी. दुकानदारांनी बिलावर ‘ब्रेक पॅड, एक संच’ एवढ्यावर न थांबता ती अक्षरे लिहून द्यावीत. सोबत माझ्या त्या दोन पॅडचे छायाचित्र पाठवते आहे. डावीकडचा बाहेरचा, उजवीकडचा आतला. दोन्ही एकाच चाकातले, एकाच दिवशी बसवलेले.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका