रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. जिल्हा रुग्णालयाच्या पुरुष मेडिकल वॉर्डात खिडकीकडच्या रांगेत होते ते आजोबा म्हणजे माझे अण्णा. पॅरालिसिसची केस, सोबत आई आणि मी. डिस्चार्जच्या गडबडीत तुमच्या टेबलावर पेढे ठेवून आम्ही निघालो. पेढे सगळेच देतात. ते कशाबद्दल, हे सांगायचं राहून गेलं.

नर्सचं कौतुक करायचं म्हटलं की लोक म्हणतात, किती गोड बोलते. तुम्ही काही फार गोड बोलत नव्हता. पहिल्याच रात्री मला म्हणालात, "रडून झालं की इकडे या, मला हात लागणार आहे."

अण्णांची उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, नाकात नळी, लघवीची पिशवी. त्यांना हात कुठे लावावा तेच आम्हाला कळत नव्हतं. तुम्ही त्यांच्या अंगाखाली आडवी चादर सरकवलीत, तिची दोन टोकं माझ्या हातात दिलीत. "ओढायचं नाही, उचलायचं. ओढलं की कातडी सोलते." दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटरीखाली एक, म्हणजे टाच गादीला टेकत नाही. माकडहाडावर लाल दिसलं तर बोटानं दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरं पडलं तर कूस बदलून तिथला भार काढायचा. लालच राहिलं तर लगेच तुम्हाला सांगायचं. चोळायचं तर मुळीच नाही. (आमची आत्या चोळायलाच खोबरेल तेल घेऊन आली होती. तुम्ही एक शब्द न बोलता बाटली तिच्या पिशवीत परत ठेवलीत.)

मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. त्याही परिचारिकाच. तिथल्या नर्सेसनी त्यांना एवढी वर्षं सांभाळलं, बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होऊ दिला नाही, आणि २०११ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयानं त्या सेवेला दाद दिली. तेव्हा पेपरात वाचून मला वाटलं होतं, केवढी माया! माया होतीच. पण रात्री दोनला आणि चारला कुणीतरी उठून कूस बदलतं, म्हणून पाठ शाबूत राहते, हे तुमच्या वॉर्डात राहिल्यावर कळलं.

आता चहाचं. अण्णांना गिळता येत नव्हतं. नाचणीची पेज, वरणाचं पाणी, सगळं गाळून नळीतून. डोकं उंच करायचं, सिरिंजनं ओढून नळी तपासायची, शेवटी साधं पाणी सोडायचं आणि पुढे अर्धा तास आडवं करायचं नाही. हे सगळं आई पटकन शिकली, पण सकाळचा चहा तिच्या मनातून जाईना. लग्न झाल्यापासून तिनं अण्णांच्या आधी चहा घेतलेला नाही. दोन चमचे देऊ का, असं ती दिसेल त्याला विचारायची, सफाईच्या मावशींनासुद्धा. छातीत जाईल, असं सगळे सांगायचे, आणि ते खरंच होतं. तुम्हीही नाहीच म्हणालात. मग गॉजचा तुकडा कपात बुडवलात, पुरता पिळलात आणि तिच्या हातात दिलात. "ओठांवरून फिरवा. जिभेच्या टोकाला लावा. थेंब आत जाता कामा नये." अण्णांनी ओठ चाटले. "आता तुमचा तुम्ही प्या आजी, गार होतोय." आई प्यायली.

सकाळी पाळी संपवून ओव्हर देताना तुम्ही पुढच्या सिस्टरना अण्णांच्या पलंगाशी आणून सांगत होता, "यांना उजवीकडचं दिसत नाही, डावीकडून जाऊन बोल. आणि बरंचसं कळतं त्यांना, फक्त बोलता येत नाही." यातलं दुसरं वाक्य कुठल्या केसपेपरवर नव्हतं. त्यानंतर राउंडला येणारेही "काय आजोबा" म्हणून त्यांच्याशी बोलू लागले. तोवर सगळे आमच्याशीच बोलत होते, त्यांच्या डोक्यावरून.

आणि हे तुम्ही कुठल्या परिस्थितीत करत होता! भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. तुमच्या वॉर्डात रात्री तुम्ही आणि एक शिकाऊ मुलगी. खाटा भरलेल्या, शिवाय खाली गाद्या. १२ मेला, परिचारिका दिनाला, गुलाबाची फुलं वाटणाऱ्यांनी आधी रिकाम्या जागा भराव्यात. सलाइन संपलं म्हणून एका पेशंटचा भाऊ तुमच्या अंगावर धावून आला होता. तुम्ही ते हसून सहन केलंत असं लिहिलं तर खोटं होईल. तुम्ही आधी सलाइन बदललंत, मग त्याला बाहेर नेऊन चांगलं झापलंत. बरं केलंत.

अण्णांची नळी आता निघाली आहे. मऊ भात गिळतात, पाणी अजून घट्टसर करूनच द्यावं लागतं. उजवा पाय जरासा उचलतात. शब्द फुटत नाहीत, पण शिवी स्वच्छ येते. फिजिओथेरपीच्या मॅडमनी ती ऐकलेली आहे. अशा पेशंटचं असं होतं म्हणे. पाठ एकदम चांगली आहे. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका काकूंना घरी आणलं, खुब्याचं हाड मोडलंय. तिच्या सुनेला चादरीनं कसं उचलायचं ते मी जाऊन दाखवून आले. तेलाची बाटली तिथंही होतीच.

आई तुम्हाला आशीर्वाद सांगते.

तुमची,
अण्णांची मुलगी

ता. क. आमची हवेची गादी आता लागत नाही. धुऊन, वाळवून इन्चार्ज सिस्टरांकडे दिली आहे. पंपाची नळी पायाकडच्या बाजूला सैल बसते, तिथं चिकटपट्टी लावावी लागते.