विषय: डेस्फेरिऑक्सामिन 500 मिलिग्रॅम इंजेक्शनची दरवाढ आणि तुमच्या हेल्पलाइनने दिलेला सल्ला

व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला पाचव्यांदा फोन केला. आता लेखीच कळवते.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रात्री पोटाला सुई लावून दहा तास पंप चालवावा लागतो. रात्रीला या इंजेक्शनच्या दोन व्हायल, आठवड्यात पाच रात्री. गोळ्या देऊन पाहिल्या, तिचं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला, डॉक्टरांनी परत पंपावर आणलं.

ऑक्टोबर 2024 मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, या इंजेक्शनची कमाल किंमत 50 टक्क्यांनी वाढवली. कच्चा माल महागला, मान्य. पण ती कमाल मर्यादा होती, तेवढीच लावा असा हुकूम नव्हता. तुम्ही थेट दीडपट केलीत. ज्या पैशात महिन्याच्या 40 व्हायल यायच्या, त्यात आता 26 येतात. गांधीबागेत होलसेलवाल्यांकडेही विचारून आले.

तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, पाच दिवस परवडत नसेल तर तीन दिवस द्या."

मी विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का?

"नाही, पण अजिबात न देण्यापेक्षा बरं ना."

मी सांगितलं, पाच महिन्यांपासून तीनच रात्री देतोय, म्हणूनच फोन करतेय. तर म्हणतो, "मग ट्रीटमेंट चालू आहे ना मॅडम!" आणि तक्रार क्रमांक देऊन फोन ठेवला.

चालू नाही. तिचं फेरिटिन, म्हणजे शरीरात साठलेल्या लोहाचं माप, 1400 वरून 2600 वर गेलं आहे. सुटलेल्या रात्रींचं लोह हृदयात आणि यकृतात बसतं, हे औषध बनवणाऱ्या कंपनीला मी समजावून सांगायचं? तीन दिवस द्या म्हणे!

सवलत योजनेचा अर्ज तहसीलच्या उत्पन्न दाखल्यासह जानेवारीत पाठवला आहे. पाचही वेळा एकच उत्तर: दोन दिवसांत कळवतो.

ती पाच वर्षांची होती तेव्हापासून तुमचंच इंजेक्शन घेतोय. विश्वास होता, म्हणून जास्त लागलं.

15 दिवसांत अर्जाचा निर्णय आणि त्या सल्ल्याबद्दल लेखी माफी हवी. नाहीतर एनपीपीएच्या 'फार्मा जन समाधान' या तक्रार पोर्टलवर आणि नागपूरच्या एफडीए कार्यालयात तारखांसकट तक्रार करीन. फोन करू नका, पत्रानेच कळवा.

एक आई,
इंदोरा, नागपूर