मोज्याची टाच वळवायला शिकवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

तुम्हाला मेसेजमध्ये थँक्यू लिहिलं की तुम्ही एक अंगठा पाठवता आणि विषय बंद, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचावंच लागेल.

इथे वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी हौसेने विणते आणि काकूंकडे गेले तेव्हा माझ्याकडे अर्धवट कामांची एक भरलेली पिशवी होती. पाठीपर्यंत आलेला स्वेटर, जाळीची एक शाल जिचा पॅटर्नचा कागदच हरवलाय, एक टोपी, आणि मोजे. मोजे म्हणजे सगळे एकएकटे, बरेचसे तर टाचेपाशीच थांबलेले. विणणाऱ्या कुणालाही विचारा, अशी पिशवी घरोघरी असते आणि ती कुणी कुणाला दाखवत नाही. काकूंनी ती सरळ पलंगावर उपडी केली आणि एवढंच म्हणाल्या, अगं किती सुया अडकवून ठेवल्यायस!

तर काकू, पहिलं थँक्यू टाचेचं.

मला तोपर्यंत वाटायचं की टाच म्हणजे काहीतरी गणित आहे. पॅटर्नमध्ये ते तसंच लिहिलेलं असतं ना, पहिला टाका न विणता सरकवा, १६ सुलट, दोन जोडून एक, एक सुलट, काम उलटं फिरवा, आणि मग पुढच्या सुईला (सुई म्हणजे इथे विणीची एक ओळ) नवेच आकडे, मधेच फोन वाजला की आपण कुठल्या सुईवर होतो देवाला माहीत. तुम्ही कागद माझ्या हातातून काढून घेतलात. ६४ टाक्यांचा मोजा, त्यातले अर्धे म्हणजे ३२ टाचेला, त्याची ३२ सुयांची पट्टी विणायची आणि दर सुईचा पहिला टाका नुसता सरकवायचा, इथपर्यंत मला येत होतं. पुढचं तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, फट बघ. खरंच, एकदा काम फिरवलं की सुईवर टाक्यांमध्ये एक बारीक फट दिसते, तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका जोडायचा, अजून एक विणायचा, परत फिरवायचं. मोजायचं काहीच नाही! शेवटी १८ टाके उरतात आणि तेही मोजावे लागत नाहीत कारण कडेला विणायला टाकेच शिल्लक राहत नाहीत. सपाट पट्टीचा डोळ्यासमोर खोलगट वाटीसारखा आकार होतो, मला अजूनही दर वेळी तेवढीच मजा येते.

मग पट्टीच्या दोन्ही कडांनी १६-१६ टाके उचलायचे (पहिला टाका सरकवायचा तो याचसाठी, कडेला मोठ्या साखळ्या तयार होतात, हे इतक्या दिवसांत मला कुणी सांगितलंच नव्हतं), टाचेचे १८ आणि पावलाच्या वरच्या बाजूचे ३२ धरून एकूण ८२ होतात आणि एक फेरी सोडून एक फेरी दोन-दोन कमी करत परत ६४ वर यायचं. आणि सुया बदलताना मधे जी शिडीसारखी सैल रेघ पडते त्याला मी पहिला टाका जीव खाऊन आवळत बसायचे. तुम्ही म्हणालात दुसरा आवळ. रेघ गेली. इतकं साधं होतं ते.

बोटांपाशी दोन सुयांवरचे टाके एकमेकांना शिवून मोजा बंद करायचा तो प्रकार मात्र मला अजून तोंडाने म्हणत म्हणतच करावा लागतो. पुढच्या सुईवर सुलट सोड उलट ठेव, मागच्या सुईवर उलट सोड सुलट ठेव. घरचे विचारतात कसला जप चाललाय.

दुसरं थँक्यू जरा अवघड आहे. स्वेटर उसवायला लावलात त्याचं.

मी त्याला किती जपून ठेवला होता, आणि तुम्ही शांतपणे विचारलंत की हा आज पूर्ण झाला तर उद्या घालशील का? मी गप्प. कारण तो रंगच मला आता आवडत नाही आणि मापही जुनं. मग तुम्हीच सुई ओढून काढलीत आणि टोक माझ्या हातात दिलंत. मला वाटलं रडू येईल पण उसवताना भलतंच हलकं वाटलं. नंतरचं कामही तुम्हीच दाखवलंत, ती नागमोडी झालेली लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून ठेवायची आणि टांगून वाळवायची, वळ्या बऱ्याच निघून जातात. टोपीला मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत, म्हणालात ही संध्याकाळभराचं काम आहे, उगाच उसवायची कशाला. शाल बाजूला ठेवलीत, तिच्यावर निकाल नंतर. पूर्ण करायचं, उसवायचं किंवा थांबायचं, तिन्ही चालतं हे मला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं बहुतेक.

दुसऱ्या मोज्याचा कंटाळा हा तर जगभरचा रोग आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे मोजे आहेत, दीड हजार वर्षांहून जुने, अंगठ्याला वेगळी जागा असलेले, एकाच सुईने फासे ओवत केलेले, म्हणजे आपलं दोन सुयांचं विणकाम ते नव्हेच. पण तिथे जोडी आहे जोडी! त्या काळी कुणीतरी दुसराही पूर्ण केला, तेही आपल्यापेक्षा किचकट पद्धतीने. तुमचा उपाय असा की पहिला बंद करायच्या आधीच दुसऱ्याचे टाके दुसऱ्या सुयांवर घालून ठेवायचे, आणि दर १० फेऱ्यांना एक पिन अडकवायची म्हणजे दोन्हींची लांबी मोजताना भांडण नाही. मी दोन्ही एकदम लांब गोल सुईवर विणायचा प्रयत्न केला होता, ज्यांना जमतं त्यांना नमस्कार, माझा सगळा वेळ दोन गुंडे सोडवण्यात जातो.

लोकरीबद्दल तुमचं माझं पटत नाही, ते राहू दे. म्हणजे मोज्याला ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन हवं, नुसती मऊ मेरिनो (मेरिनो मेंढीची लोकर) टाचेला लवकर विरते, हे मान्य. गुंडा वजनकाट्यावर ठेवून ५०-५० ग्रॅमचे दोन करून घ्यायचे हेही मान्य, आता तसंच करते. पण आधीची संपल्याशिवाय नवीन लोकर घ्यायची नाही हा तुमचा नियम मला मान्य नाही काकू. लोकर विकत घेणं आणि लोकर विणणं हे दोन वेगळे छंद आहेत आणि मला दोन्ही आहेत.

आता कामाचं बोलते. एवढ्या लोकांना शिकवलंत आणि स्वतः दुकानातले मोजे घालता हे मी त्या दिवशीच बघून ठेवलंय. तर तुमच्या पावलाचा घेर, सगळ्यात रुंद भागाशी, आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये पाठवा. मी १० सेंमीला ३२ टाके विणते म्हणजे ६४ टाक्यांचा मोजा २० सेंमीचा होतो आणि तो २२ च्या पावलावर छान ताणून बसतो, तुमचं पाऊल त्याहून बारीक असेल तर टाके कमी घालेन. काकांचंही माप पाठवा. त्यांना काळेच हवे असतील तर आधी सांगा, काळ्या लोकरीवर दिव्याच्या उजेडात मला टाके दिसत नाहीत, ते सुट्टीच्या दिवशी सकाळी विणावे लागतील आणि वेळ लागेल.

आणि अंगठा पाठवू नका, माप पाठवा.

तुमची,
पिशवीवाली